खांबाजवळची जागा

नायगाव (पूर्व),
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसुंधरा,

सप्रेम नमस्कार. नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण सध्या ते धाडस करत नाही. मी मजेत आहे. तुळस मजेत आहे. कुकर मजेत नाही, त्याबद्दल तू आल्यावर बोलू.

फोन केला की तू तो हरिभाऊंच्या हातात देतेस, आणि तुझे बंधू माझ्याशी केळीच्या घडांखेरीज दुसऱ्या कशावरही बोलत नाहीत. म्हणून पत्र. दिशा ऑफिसातून परस्पर सांडोरला येऊन देईल. आपल्या मुलीने मला बजावलंय, "बाबा, मी फक्त पोस्टमन आहे, वकील नाही."

सोसायटीत मी सांगितलंय की तू माहेरच्या वाडीत घड उतरवायला गेली आहेस. परेश म्हणाला, "काका, सोमवारी सकाळीच गेल्या? एवढी घाई?" मी म्हटलं, पीक चांगलं आलंय.

रविवारच्या सभेचा वृत्तांत कळवतो, कारण तू शेवटपर्यंत थांबली नाहीस. सगळ्यांत चांगला सांघिक खेळ कोणता, हे आपल्यालाच ठरवावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेटजवळची मोकळी जागा एकच, आणि रेघा एकाच खेळाच्या मारता येणार. मी अध्यक्ष, त्यामुळे सुरुवात मीच केली. क्रिकेट हा डोक्याने खेळायचा खेळ, बाकीच्या खेळांत नुसतं धावतात, हे मी सविस्तर समजावून सांगितलं. फार वेळ घेतला असं काही जण म्हणतात. क्रिकेटला वेळ लागतोच.

मग तिसऱ्या मजल्यावरचा प्लासिड फुटबॉलसाठी उठला. म्हणाला, "आमच्या खेळाला एक बॉल पुरतो." मी म्हटलं, क्रिकेटलाही एकच पुरतो. तर म्हणतो कसा, "हो, आणि तो रोज माझ्या खिडकीतून आत येतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना मुद्द्याचं काही पडलेलं नसतं.

परेशचं म्हणणं, कबड्डीला बॉलच लागत नाही, सगळ्यांत स्वस्त. प्रात्यक्षिक म्हणून दम धरून खुर्च्यांमधून निघाला आणि चहा घेऊन येणाऱ्या वॉचमनचीच पकड केली. कबड्डीची बाजू तिथे जरा लंगडी पडली.

त्यानंतर आणखी कोणाला बोलायचं होतं, पण उशीर झाला होता. सभेत थट्टामस्करी होते, त्यातलं कोणी मनाला लावून घ्यायचं नसतं. मतदान येत्या रविवारी संध्याकाळी आहे.

केव्हा येतेस ते कळव.

तुझा,
शांताराम

ता. क. जिऱ्याचा डबा कुठे ठेवला आहेस?


सांडोर,
बुधवार

अहो,

पत्र पोचलं. जिरं मोहरीच्या मागे आहे. लग्न झाल्यापासून तिथेच आहे.

प्लासिड काय म्हणाला ते तुम्ही लिहिलंत. परेश काय म्हणाला तेही लिहिलंत. वॉचमनच्या चहाचंसुद्धा आलं. "आणखी कोणाला" बोलायचं होतं, ती कोण, आणि ती का बसली, तेवढं राहिलं.

मी शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळले, हे तुम्ही पाहुण्यांना सांगता. कुठल्या जागेवर खेळायचे, हे कधी विचारलंत? खो-खोत बसलेली पोरगी आपल्या मनाने उठत नाही. मीही उठणार नाही.

केळी पाठवते आहे. आधी पिकलेली खा. गुडघ्याला तेल लावा.

वसुंधरा


नायगाव (पूर्व),
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसू,

केळी मिळाली. पिकलेली आधी खाल्ली. तेल लावलं, आणि ते का लावावं लागलं, ते सांगतो.

पहिल्या मजल्यावरची क्षितिजा काल संध्याकाळी दारात आली. रविवारी मतदानाआधी प्रत्येक खेळ थोडा थोडा खेळून दाखवायचा आहे, आणि खो-खोची बाई-मंडळी तू महिनाभर आधीच जमवून ठेवली होतीस म्हणे. मला पत्ता नव्हता. मला वाटायचं तुम्ही खाली भिशीसाठी जमता. तर सरावाला एक जण कमी पडत होती, आणि ती कमी का पडली हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. केळीवर कोणाचाही विश्वास बसलेला नाही.

म्हणून तुझ्याऐवजी मी बसलो. बसलो कसला, क्षितिजाने आणि प्लासिडच्या मेरीने धरून बसवला. दोन्ही बाजूंच्या बायकांची तोंडं एकीकडे, माझं दुसरीकडे. पाठीमागे आरडाओरडा, धावपळ, आणि वळून बघायची सोय नाही. मी न राहवून उठलो. फाऊल. पुन्हा बसलो. मग मेरीने मागून येऊन पाठीवर अशी थाप दिली की खो म्हणायची गरजच नव्हती. मी उभा राहीपर्यंत समोरची पोरगी पलीकडच्या खांबाला जाऊन पाणी पिऊन आली होती. प्लासिड खिडकीतून शूटिंग करत होता.

क्रिकेटमध्ये मी उन्हातान्हात दिवसभर उभा राहिलोय वसू, पण अशी वाट बघितली नाही. कोणीतरी आपल्याला उठवावं म्हणून.

घरी येऊन हरिभाऊंना फोन लावला. त्यांनी केळीचा विषय काढायच्या आत मी विचारलं, वसू कुठल्या जागेवर खेळायची? म्हणाले, "खांबाजवळ. शेवटची. खांब धरून सूर मारायची, अख्खा गाव बघायला यायचा. कोपरावरचा वण त्यातलाच. तुम्हाला म्हाईत नाय?"

मला तो कुकरचा वाटत होता. इतकी वर्षं मी तुला सांगतोय की वाफ जपून सोड, आणि तू 'हो' म्हणतेस. मला फार लाज वाटली, आणि फार रागही आला, माझाच.

आता सभेचं. तू उठलीस आणि म्हणालीस, "मला खो-खोबद्दल बोलायचंय." मी माइकवरून म्हटलं, "घरचं मत घरी ऐकू. पुढचे कोण?" सगळे हसले, मीही हसलो, आणि तू पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळच्या त्या खुर्चीवर परत बसलीस. घरी तरी मी ते ऐकलं का? घरी आल्यावर मी तुला विचारलं, माझं भाषण कसं झालं.

फोनवर हरिभाऊंकडे मी 'जरा चुकलंच' असं पुटपुटलो होतो. क्षितिजाला ते सांगितलं तर म्हणते, "काका, खो पुटपुटून चालत नाही. समोरून दिलेला चालत नाही. मागून जायचं, पाठीला हात लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं." म्हणून आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली माफी मागितली. पुष्कळ अंगठे आले. प्लासिडने रडणारा चेहरा टाकला, चुकून पडला म्हणतो. मला नाही वाटत चुकून पडला.

आणि तिने एक नियम सांगितला, जो मला माहीत नव्हता. खो देणारा मोकळा सुटत नाही. ज्याला उठवलं, त्याच्या जागी त्याने बसायचं असतं.

तेव्हा रविवारच्या सभेचा अध्यक्ष प्लासिड आहे, मी राजीनामा दिला. माइक तुझा, कितीही वेळ. पिंपाजवळच्या खुर्चीवर मी बसेन. तुझं बोलून होईपर्यंत उठणार नाही, वळणार नाही, मध्ये बोलणार नाही. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत चांगला खेळ क्रिकेटच असं मला अजूनही वाटतं, आणि मत बहुधा मी त्यालाच देईन. पण तुझं सगळं ऐकल्यावर.

खांबाजवळची जागा क्षितिजाने कोणाला दिलेली नाही. सरावातही मला तिथे बसू दिलं नाही.

दिशा हे पत्र देईल तेव्हा तू वाडीत पाठमोरी उभी असशील. तिला सांगितलंय, समोरून देऊ नकोस. मागून जा, आईच्या पाठीवर हात ठेव, आणि बाबांनी सांगितलंय म्हणून हरिभाऊंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हण:

खो.

तुझ्या जागी बसलेला,
शांताराम