अकरा सोमवार

प्रिय योरिंदे,

तुझं पत्र आलं आणि मी दिवसभर हवेत होतो. परीक्षकांपुढे प्रबंध मांडताना रीतीप्रमाणे काळा कोट घालून तुझ्या बाजूला दोन माणसं उभी राहणार, आणि त्यातला एक मी! चाळीस वर्षं लेथवर काढलेला, शाळा अर्धवट सोडलेला माणूस. बायकोला, हिल्त्येला सांगितलं तर म्हणाली, आधी पोट आत घे, मग कोटाचं बघू. पुढे वाचलं, प्रबंधाचं पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार. तिथे मात्र माझं हसू गेलं.

तुम्ही विद्यापीठातून आमच्या कारखान्यात आलात तेव्हा मी नावंच ठेवली होती. तू, एक गणितवाला, आणि माणसं काम कशी करतात ते बघणारी ती बाई. म्हटलं, तीन शहाणे मिळून एक लेथ बंद पाडणार. पण तू पहिल्याच आठवड्यात हात काळे केलेस. माझा रोजचा चीज-पाव आणि ताक बघून म्हणालीस, वीबे, तुम्हालाही कुणीतरी प्रोग्रॅम केलंय वाटतं! तेव्हापासून तू माझी लाडकी. मला मुलगी नाही, म्हणून सांगून टाकतो.

सोमवारी सकाळी गार पडलेलं यंत्र केसाच्या अंशाने चुकतं. ते त्याने आपलं आपण ओळखून सुधारावं, एवढंच तुला हवं होतं. नाताळाआधी सलग तीन सोमवार लेथवर कातलेल्या कड्या भंगारात गेल्या. साहेब मला म्हणाले, अजून एक सोमवार बघतो, मग विद्यापीठाला नमस्कार. त्या दिवशी तू कपडे बदलायच्या खोलीत रडत होतीस. मी दारातूनच मागे फिरलो. पुढच्या सोमवारी सगळ्या कड्या बिनचूक आल्या आणि तू सगळ्यांसाठी केक आणलास.

ती चूक यंत्राने सुधारली नव्हती, योरिंदे. सकाळी तू यायच्या आधी मी हाताने माप सरकवून ठेवत होतो. अकरा सोमवार. वाटलं, तुला वाचवतोय. आणि माझी लबाडी तुझ्या चौथ्या प्रकरणात जाऊन बसली. मला फार लाज वाटते. कोणत्या दिवशी किती सरकवलं ते सोबतच्या कागदांवर आहे. छपाई थांबव, तारीख पुढे गेली तर जाऊ दे. माझ्यावर हवी तेवढी रागाव. पूर्वी म्हणे उमेदवार अडला, की बाजूला उभा असलेला माणूस उत्तर द्यायचा. परीक्षकांनी त्या सोमवारांचं विचारलं, तर ते उत्तर तुझ्या तोंडून नको. तू अजूनही बोलावलंस, तर मी देईन.

तुझाच,
वीबे