कार्बोरेटरातला कचरा

७ जुलै ९९, बुध.

हे आज परत साडेसहाला. कंपनीच्या स्टोअरला ह्यांची कायमची पहिली पाळी, तीनला सुटते. रोहा ते पेण, पाऊस धरला तरी साडेचारला घरी चहा व्हायला हवा. म्हणे भिसे खिंडीत बाइक बंद पडली. "कार्बोरेटरात कचरा आला." मागच्या आठवड्यातही हाच कचरा आणि हीच खिंड. सकाळी पाळीला जाताना हा कचरा कुठे असतो कोण जाणे. चहात साखर घालायची विसरले. ह्यांनी मुकाट्याने प्यायला. एरवी कपभर बोलले असते. तेही खटकलंच.

१० जुलै, शनि.

गजाननाच्या कृपेने कारखान्यातल्या मोठ्या मूर्ती साच्यातून सुटल्या. पॉलिश चालू. सोनेरी पावडर संपत आली, आणायची.

संध्याकाळी ह्यांनी डब्यात पेट्रोल आणलं, मागच्या अंगणात गाळून टाकीत घातलं. जूनपासून हा उद्योग. वडखळच्या पंपावर भेसळ करतात हा संशय माझाच, आणि गाळायला फडकंही माझंच. रंग गाळायचं नायलॉनचं, जुन्या साडीचं, दोरीवर वाळत असतं त्यातलं एक घेतात. पण गंमत बघा, गाळायला लागल्यापासून गाडी जास्तच बंद पडते. म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. मग कशाचा?

१३ जुलै, मंगळ.

गंगूमावशी मूर्ती घासता घासता म्हणाली, "तुझा मानूस रोज उशिरा येतंय व्हय गो?" मी म्हटलं, गाडी बंद पडते. मावशी हसली. हमरापूरची बाई, चाळीस वर्षं गणपती घासतेय, तिचं हसणं सरळ नसतं. म्हणाली, "त्याला इचारू नको. त्याचा रुमाल बघत जा. त्वांड काय पन सांगंल, रुमालाला बोलायला येत नाय."

मी तिला म्हटलं, काम कर. पण दिवसभर डोक्यात रुमालच.

१८ जुलै, रवि.

सुधीर पनवेलहून आला. मोटारींच्या गॅरेजात लागल्यापासून माझा हा भाऊ इंजिनिअरसारखा बोलतो. ह्या दसऱ्याला नवीन गाडी घ्यायची म्हटल्यावर म्हणतो, "ताई, थांब. आता मोटारींना इंजेक्शन आलंय. कार्बोरेटर गेला. बाइकलाही येणार. त्यात कचऱ्याची भानगडच नाही."

इंजेक्शन म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. कार्बोरेटर म्हणजे आपली रंगाची गनच. वरून हवा जोरात जाते, खालचा रंग आपोआप वर ओढला जातो. जेट तुंबला की संपलं. हे मला कुणी शिकवायला नको, सीझनला दिवसातून चारदा सुई घालून जेट मोकळा करते. इंजेक्शन म्हणजे पिचकारी. पंप ढकलतो, मोजून. मला पटलं.

हे मात्र उसळले. "अरे, खिंडीत पिचकारी बंद पडली तर कुणाच्या बापाला उघडता येणार आहे? कार्बोरेटर मी स्वतः खोलतो, फुंकर मारतो, निघतो. आपल्याला साधीच बरी."

फुंकर मारायला दोन तास लागतात का, हे ओठांवर आलं होतं. सुधीर होता म्हणून गिळलं. शिवाय सुधीरचाही भरवसा नाही. थांब म्हणतोय, म्हणजे ह्याच्या गॅरेजात कुणाची तरी जुनी बाइक विकायला आली असणार, ती गळ्यात मारेल.

२० जुलै, मंगळ.

विचार करत बसले होते. नवरा कार्बोरेटरची बाजू इतकी का घेतो? ज्याला तीन तीनदा पावसात खिंडीत उभं राहावं लागतं, त्याने कार्बोरेटरला शिव्या द्यायला हव्यात. हे तर त्याची बाजू मांडतात. इंजेक्शन आलं तर कचरा बंद. कचरा बंद तर उशीर बंद. आणि तेच नको असेल तर?

आज गणपतीच्या सोंडेचा वळसा चुकला. पुन्हा केला.

२२ जुलै, गुरु.

लिहू की नको असं झालंय.

सहाला आले. खिंड, कचरा, तेच. आंघोळीला गेले तेव्हा रुमाल घेतला. रुमालावर सोनेरी चमक. बारीक, बोटांच्या ठशासारखी. नखांतही होती, जेवताना बघितली.

सोनं ह्या घरात नवीन नाही, माझ्या वेणीतसुद्धा सापडेल. पण हे कारखान्यात पाऊल टाकत नाहीत, प्लास्टरच्या धुळीने शिंका येतात. आणि आमचं सोनं वार्निशमध्ये कालवलेलं असतं, लालसर दिसतं, चिकटतं. हे फिकं. कोरडं. मुकुटाशेजारी रुमाल धरून बघितला. आमचं नाहीच.

मग कुणाचं? आता टिकल्या मिळतात चमकीच्या. गालालाही लावतात काही काही बायका.

रुमाल धुतला नाही. घडी करून लोखंडी पेटीत ठेवला. मला फार वाईट वाटलं. राग नंतर आला.

२३ जुलै, शुक्र.

रुमाल हरवला म्हणाले. मी म्हटलं, असेल कुठेतरी खिंडीत.

कपाटातून दुसरा घेतला.

२५ जुलै, रवि.

पेणच्या एजन्सीत गेलो, दोघं. मी विचारलं, इंजेक्शनवाली आहे का? पोरगा हसला. "मॅडम, इंजेक्शन दवाखान्यात. बाइकला कार्बोरेटर." कधी येईल म्हटलं तर, "येईल की. कंपनी आम्हाला काय सांगते?" ह्यांनी खुशीत शंभर सीसीवर बसून बघितलं, आरशात केस नीट केले. पन्नाशीला आलेला माणूस. केस कशाला नीट करायचे?

बुकिंग लगेच करू म्हणाले. पैसे सीझनचे, म्हणजे माझे, म्हणजे मी हो म्हटल्याशिवाय गाडी नाही. मी म्हटलं, बघू.

२९ जुलै, गुरु.

गाडी सकाळी सुरूच झाली नाही. दारातच. हे एस.टी.ने गेले. जाताना म्हणाले, "दिगूकडे पाठव."

पाठवते कशाला, स्वतःच गेले ढकलणाऱ्या गड्याबरोबर. दिगू गॅरेजवाला ह्यांचा जुना मित्र, दोघांचं काय संगनमत असेल ते डोळ्यांदेखत बघायचं होतं. स्टूल घेऊन समोर बसले. दिगू म्हणाला, "वहिनी, तुमी कशाला थांबता? सांजच्याला पोचवतो ना." तेवढ्याने माझा संशय पक्का झाला.

त्याने कार्बोरेटर काढला. खालची वाटी उघडली. दोघंही आत वाकलो.

वाटीच्या तळाशी सोनं. फिकं, कोरडं सोनं, चमचाभर तरी.

"ह्यो काय परकार हाय?" दिगू म्हणाला. "मुकुट इरघळला काय तुमच्या गणपतीचा?"

मला एकदम आठवलं. फडकं. रंग गाळायचं फडकं आपण पाण्याने धुतो, वार्निशमधलं सोनं पाण्याने कुठलं निघायला! ते पेट्रोलने निघालं. वार्निश पेट्रोलने खाल्लं आणि सोनं कोरडं होऊन टाकीत गेलं. गाळून गाळून आम्हीच घातलं. दिगू म्हणाला, रात्रभर टाकीत खाली बसतं, सकाळी गाडी निघते. जाताना खड्ड्यांत ढवळून वाटीत उतरतं, येताना खिंडीच्या चढाला जेट तुंबतो. म्हणून खिंड.

हे खरं बोलत होते. पावसात उभं राहून जेट काढत होते, रुमालाने पुसत होते. आणि मी रुमाल पेटीत ठेवला होता, पुरावा म्हणून.

३० जुलै, शुक्र.

दिगूला काल बजावून आले, ह्यांना सोन्याचं सांगू नको. नुसतं साफ केलं म्हण. का, ते त्याने विचारलं नाही. हसला मात्र गंगूमावशीसारखाच.

लाज वाटते. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, टिकलीपासून. टाकी धुऊन घेतली. रंगाची फडकी आता आत, कुलुपात. दोरीवर नवं पांढरं सुती फडकं फक्त पेट्रोलचं, गाळायचं तेही मीच.

रुमाल धुतला. सोनं काही पुरतं गेलं नाही. इस्त्री करून त्यांच्या खिशात ठेवला. "सापडला?" म्हणाले. हो म्हटलं.

रात्री कोळंबीचं कालवण केलं. न मागता.

८ ऑगस्ट, रवि.

आठवडाभर साडेचारला घरी. बरं वाटतं. चहा एकत्र होतो. गाडी एकदाही बंद नाही. हे म्हणतात, "दिगूच्या हाताला गुण आहे." मी हसू दाबते.

गंगूमावशीने विचारलं, रुमाल बघितलास का गो? मी म्हटलं, तुझं काहीतरीच.

१९ ऑगस्ट, गुरु.

डोळ्यांची आखणी सुरू. मान वर करायला वेळ नाही. रोज शेवटी डोळ्यांपुढे डोळेच.

नवीन गाडीचं ठरवलं, कार्बोरेटरचीच. उगाच अडून बसले होते. इंजेक्शन यायचं तेव्हा येईल. ह्यांना सांगायचं बाकी आहे, मूर्ती गेल्या की सांगते.

२ सप्टें., गुरु.

बाहेरगावच्या मूर्ती गेल्या, टेंपो दुपारी निघाला. घर मोकळं मोकळं. साडेचारला दोन कप चहा टाकला. नवीन गाडीचं आज सांगायचं ठरवलं होतं, उद्या एजन्सीत जाऊ म्हणून.

पाच. साडेपाच. पाऊस नाही, ऊन होतं.

पावणेसातला आले. बूट काढता काढता म्हणाले, "खिंडीत बंद पडली. परत कचरा."

टाकी धुतलेली. पेट्रोल परवा मीच गाळलं, पांढऱ्या फडक्यातून, फडकं उन्हात धरून बघितलं होतं. ह्यांना यातलं काहीच माहीत नाही.

पाण्याचा तांब्या दिला. हात बघितले. नखं स्वच्छ. पेट्रोलचा वास नाही, साबणाचा होता. आमच्याकडे लाइफबॉय नाही वापरत, पण तो कंपनीतलाही असेल. असेल.

शर्ट खुंटीला लावला तेव्हा रुमाल काढला. मी सकाळी केलेली इस्त्रीची घडी तशीच. मोडलेलीसुद्धा नाही.

चहा गरम केला. साखर आठवणीने घातली. विचारलं, "मग, कार्बोरेटरचीच घ्यायची ना गाडी?"

कप खाली न ठेवता म्हणाले, "हो. तीच बरी पडते."