गोलरेषेजवळची खुर्ची

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी जर्मनीतल्या एका बेटावर बसून तुम्हाला लिहितोय. लेक इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, जावई न्युरेम्बर्गच्या कंपनीचं काम घरूनच करतो, आणि मी समुद्राकडे बघत तुम्ही शिकवलेल्या कविता म्हणतो. बेट एवढंसं, की फुटबॉलला अकरा माणसं जमवताना दमछाक होते. बाहेरचा खेळाडू चालत नाही. आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासाची नोंद, बेटावरचीच लागते. जावई चार वर्षं राखीव गोलकीपर होता. यंदा शेजारच्या बेटाशी सामना ठरला आणि मुख्य गोलकीपरचा हात मोडला, तेव्हा कुठे त्याची पाळी आली.

या बेटाबेटांच्या स्पर्धेत एक जुनी रीत आहे. प्रत्येक संघ आपल्याच गोलजवळ खुर्ची टाकून आपलाच एक म्हातारा बसवतो. चेंडू आत गेला का, हे त्यालाच विचारायचं आणि तो म्हणेल ते दोघांनी मानायचं. आमचे नेहमीचे आजोबा आजारी पडले. माझी नोंदही बेटावरचीच, म्हणून मला बसवलं. "बाबा, डुलक्या काढू नका हां," जावई म्हणाला. "अहो जावईबापू, कोल्हापूरच्या शाळेचा गोलकीपर होतो मी!"

कसला होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी ड्रिलचे सर आले नव्हते, म्हणून तुम्हीच पदर खोचून मैदानाच्या कडेला उभ्या. मी कविता पुटपुटतोय आणि तुम्ही ओरडताय, "अरे, ढगात काय बघतोस? कविता वर्गात, इथं चेंडू!" शेवटी चेंडू मी धरला खरा, पण रेषेच्या पलीकडे, गोलच्या आत. पंचांना दिसलं नाही. मी बोललो नाही. आपण जिंकलो आणि तुम्ही स्वतःच्या अक्षरात उतरवलेली कवितांची वही मला दिलीत. पहिल्या पानावर लिहिलं होतंत, 'चेंडू आणि शब्द, दोन्ही नीट धरणाऱ्यास.' ती वही इथंही आणलीय.

परवा शेजारच्या बेटावर सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली होती, शून्य-शून्य. बरोबरी झाली तरी आम्ही पुढच्या फेरीत जाणार होतो. गोलपुढे एकच झुंबड, जावई चेंडूवर आडवा पडलेला. पंच धावत माझ्याकडे आले. "ओपा, आत होता?" इथं आजोबांना ओपा म्हणतात. सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. "या," मी म्हणालो, जर्मनमध्ये म्हणजे हो. आम्ही हरलो.

परतीच्या बोटीत जावयाने हातमोजे काढून पिशवीत टाकले. मग म्हणाला, "मला वाटलं, रेषेवरच धरला मी. पण तुम्ही बघितलंत, म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी बेकरीवालीने पावाबरोबर एक केक जास्त दिला, असा सच्चा माणूस बेटावर हवाच, म्हणाली.

बाई, मी बघितलंच नव्हतं. समुद्रावरून ढग चालले होते आणि मी वहीतली एक कविता मनात म्हणत होतो. पंचांनी हाक मारली तेव्हा भानावर आलो. या खेपेला तरी खरं बोलावं, एवढंच डोक्यात होतं, आणि तोंडातून हो निघून गेलं. गोल झाला होता की नाही, मला अजून ठाऊक नाही. जावयाला सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे तुमच्या वहीत ठेवतोय. पुढच्या वर्षीही खुर्ची मलाच द्यायची, असं संघाने ठरवलंय. मी हो म्हणून बसलोय.