आक्कासाहेबांचा पहिला घास

पिनर, लंडन, रविवार, १४ नोव्हेंबर २००४

बुधवारपासून ऑफिसला सिक कळवून तापात पडून आहे. आज दुपारी खालच्या फ्लॅटमधल्या आक्कासाहेब पातेलं घेऊन जिना चढून आल्या. एका छोट्या संस्थानाच्या राजकन्या, वय ऐंशी. स्वयंपाक कधी केला असेल का यांनी?

दर रविवारी त्या माझ्याकडे जेवतात. पण मी पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. वर्षभर मला वाटायचं, माझ्या हातचं आवडत नाही. मनातून चिडायचे. मग एकदा त्याच म्हणाल्या, "राजवाड्यात आमच्या ताटातलं आधी दासी चाखायची, विषाच्या भीतीनं. थांबायची सवय सुटत नाही गं."

म्हणजे इतके दिवस मी यांची दासी? तेव्हा हसले, पण लागलंही होतं.

आज पातेल्यात गुरगुट्या भात होता. खाली लागलेला, करपट वास येणारा. मी चमचा उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब."

पहिला घास त्यांनी घेतला. सावकाश चावून गिळला, जरा वेळ तशाच बसून राहिल्या. मग चमचा पुसून माझ्या हातात दिला.

"घे आता."