भालचंद्राचा दिवा आणि खामगावचे पाहुणे

धाड,
ता. ९ फेब्रुवारी १९६७

तीर्थस्वरूप सिंधूताईस धाडहून शेषरावचा साष्टांग नमस्कार. (उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली असल्याने ती तेवढी नमस्कारात धरू नकोस. कारण पुढे येईलच.) पत्रात हालहवाल आधी लिहितो, तक्रार मधे आणि विनंती अगदी शेवटी, म्हणजे तुला वाचताना घाई होणार नाही.

तुझा दमा कसा आहे? भाऊजींचा गुडघा पुण्याच्या थंडीत दुखत असेल, तर करंजाचं तेल कोमट करून लावावं. इकडे सर्व खुशाल. तुझी भावजय अन्नपूर्णा बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण जेवण वेळेवर वाढते. शाळेची तपासणी झाली. इन्स्पेक्टरांनी मुलांना काही विचारलं नाही, मुलांनी काही सांगितलं नाही, त्यामुळे शेरा चांगला मिळाला.

आता दिव्याचं. तुझ्या भालचंद्राने स्वतःच्या हाताने घडवलेला नव्या पद्धतीचा दिवा मामाला भेट म्हणून धाडला, त्याबद्दल त्याला आशीर्वाद. पोराचे हात कसबी आहेत यात शंका नाही. पेटी एस. टी.च्या टपावरून आली आणि ती फोडायला अर्धी आळी जमली. आत गवतात गुंडाळलेले तीन बारीक काळे पाय, एक वाकडा दांडा आणि पत्र्याची एकाच बाजूने उघडी शेड. (इथे सगळे तिला टोपी म्हणतात, मीही तेच म्हणतो.) जोडून उभा केल्यावर अन्नपूर्णेने चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "हा दिवा होय का कपाशीवर औषध मारायचा पंप?" शेजारच्या तुळशीरामाला तर फार वाईट वाटलं. "गुरुजी, याची टोपी वाकडी बसून राह्यली. ठोकून सरळ करून देऊ का?" मी नको म्हटलं. मग तो रोज येऊन विचारू लागला.

सोबत भालचंद्राची चिठ्ठी होती, की घरात उजेड दिसावा, दिवा दिसू नये. वाक्य चांगलं आहे, फळ्यावर लिहिण्यासारखं आहे. पण ताई, तू या घरची. दिवेलागणीला बटण दाबलं की आपल्याकडे माणूस असेल तिथून दिव्याला हात जोडतो. (वीज येऊन दोन वर्षं झाली, पण समईची सवय आम्ही बल्बाला लावून घेतली आहे.) आता दिवाच दिसत नाही म्हटल्यावर हात जोडायचे कुठे? शेवटी जिथे उजेड पडेल तिकडे जोडावे असं ठरलं. पहिले चार दिवस उजेड खुंटीवर पडत होता, म्हणून आम्ही माझ्या छत्रीला नमस्कार केला. अन्नपूर्णेने छत्री काढून तिथे गणपतीची तसबीर लावली. दुसऱ्याच दिवशी कामाला येणाऱ्या चांगुणेने झाडताना टोपीला धक्का दिला आणि उजेड लोणच्याच्या बरणीवर गेला. आम्ही बरणीला हात जोडले. माणूस कशालाही सरावतो.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला खामगावचे पाहुणे प्रतिमाला पाहायला आले, आणि तिथून पुढचं मी तुला मन मोकळं करून लिहितो. स्थळ भाऊजींनीच सुचवलेलं. मुलगा उद्धव, एका जिनिंगच्या हापिसात कारकून. वडील माणिकराव, आई सत्यभामाबाई. आपल्या प्रतिमाला याआधी चार जणांनी पाहिलं. चारही वेळा 'कळवतो' म्हणून गेले आणि कोणी कळवलं नाही. दर वेळी ती तीच निळी साडी नेसते आणि पाहुणे गेले की तिची घडी घालून पेटीत ठेवते. ताई, ती घडी घालताना मला बघवत नाही, मी उगाच अंगणात जाऊन उभा राहतो.

म्हणून या खेपेला मी तयारीत कसूर ठेवली नाही. पोरगी सावळी, पण नाकीडोळी नीटस. उजेड मऊ आणि एका बाजूने पडला तर कोणालाही पसंत पडेल, असा माझा हिशेब. पाहुणे तीन वाजता यायचे होते, दिव्याचं काम पडलं नसतं, पण मी आपली व्यवस्था केली. एका बाजूला शाळेतून आणलेल्या खुर्च्या, समोर भिंतीशी प्रतिमाचा पाट, मधल्या कोपऱ्यात दिवा. दिव्याच्या तिन्ही पायांभोवती खडूने गोल आखले, टोपी पाटाकडे वळवून स्क्रू पकडीने आवळला आणि स्टँडवर पाहुण्यांची वाट पाहायला गेलो. मोटार बुलढाण्याच्या अलीकडे कुठेतरी पंक्चर झाली. ती तीनऐवजी दिवेलागणीला आली, तेव्हा मी देवाचे आभारच मानले. (इतक्या लवकर मानायला नको होते.)

पाहुणे खुर्च्यांवर बसले. प्रतिमा पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसली. अन्नपूर्णेने बटण दाबलं आणि सगळा उजेड पाटाऐवजी धाडकन खुर्च्यांवर पडला, थेट सत्यभामाबाईंच्या तोंडावर. आणि सवय ती सवय. मी, अन्नपूर्णा, चांगुणा, खिडकीतला तुळशीराम, आम्ही सगळ्यांनी एकदम तिकडे तोंड करून हात जोडले. बाई पहिल्यांदा दचकल्या. मग त्यांचा समज झाला की मुलीकडचे गयावया करताहेत, आणि त्या ताठ होऊन बसल्या. (मुलीच्या बापाने हात जोडण्यात तसं गैर काही नाही, पण बोलणी सुरू होण्यापूर्वी जोडू नयेत.)

आता खुर्च्यांकडचं सगळं लख्ख दिसत होतं. बाईंच्या बुगड्या, माणिकरावांचा जाड भिंगांचा चष्मा, मुलाच्या सदऱ्याची उलटवून शिवलेली कॉलर. आणि पाटावर म्हणशील तर काळोख. काळोखातून आमची पोरगी नाव सांगत होती, शिक्षण सांगत होती, वेणी घालता येते म्हणून सांगत होती. अखेर सत्यभामाबाई म्हणाल्या, "मास्तर, पोरगी तं दिसूनच नाही राह्यली. काही लपवून राह्यले का तुम्ही?" मी उठलो आणि टोपी फिरवायला गेलो. पत्रा इतका तापलेला की दोन बोटं तिथेच भाजली आणि मी पाहुण्यांसमोर आई गं म्हणून ओरडलो. टोपी होती तिथेच राहिली.

एवढ्यात त्या उद्धवाने कहर केला. आईचा प्रश्न अर्धा राहिलेला, प्रतिमा उत्तर देते आहे, आणि हा गृहस्थ उठला, खुर्ची खरखर ओढत पुढे आणली आणि बापासमोर मांडून दिव्याकडे, म्हणजे दिव्याजवळ बोटं फुंकत उभ्या असलेल्या माझ्याकडे, चक्क पाठ करून बसला. का, कशासाठी, एक शब्द नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे पाठ करणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढलं आहे. इथे घरच माझं आणि पाहुणाही माझाच, त्यामुळे काही करता आलं नाही. मग चांगुणेने कंदील आणला, बाईंनी प्रतिमाचा चेहरा घाईघाईने पाहिला, आणि शेवटची मोटार चुकेल म्हणून सगळे उठले. निघताना 'कळवतो' म्हणाले. आज बारा दिवस झाले.

तात्पर्य, ताई, दिवा चांगला असेल, पण तो पुण्याच्या माणसांसाठी आहे. मी तो पेटीत भरून परत पाठवतो. भालचंद्राला वाईट वाटू देऊ नकोस. स्क्रू मात्र जरा नीट बनवत जा म्हणावं. पकडीने आवळलेला स्क्रू तीन-चार तासांत आपोआप फिरला, हे मला अजून पटलेलं नाही. मुलाच्या रीतभातीबद्दल तर न बोललेलंच बरं. असलं स्थळ गेलं तर गेलं, मला त्याचं काडीइतकं दुःख नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मधल्या वयाच्या लोकांनी दोन्हीपैकी सोयीचं घ्यावं.

तुझा धाकटा भाऊ,
शेषराव

ता. क. : स्थळ गेलं तर गेलं असं वर लिहिलं, ते खोटं आहे. भाऊजींनी खामगावला माणिकरावांना दोन ओळी लिहाव्यात, की झाल्या प्रकाराची माफी असावी, मुलीत काही खोट नाही, दोष सगळा दिव्याचा आहे. मुलाने पाठ केली तेही आम्ही विसरलो म्हणावं. लिहितील ना? लवकर लिहायला सांग. ती निळी साडी पुन्हा पेटीत गेली आहे.

ता. क. दुसरा : दिवा भालचंद्राचा आहे हेही पत्रात आलं तर बरं, म्हणजे माझ्यावर राहणार नाही.

आत्या, सा. न. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली उरलेल्या जागेत लिहिते आहे. त्यांना कळवू नकोस. भालचंद्रदादाचा स्क्रू चांगला आहे. बाबा स्टँडवर गेल्यावर तो मी पकडीने सैल केला आणि टोपी खुर्च्यांकडे फिरवून पुन्हा आवळला. चार वेळा मला पाहून झालं होतं. या वेळी म्हटलं, आपणही बघू.

माणिकरावांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं दिसलं. उजेडाने त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते चष्म्याखाली उपरण्याने टिपत होते. माझा खोडसाळपणा त्यांना भोवला, मला फार वाईट वाटलं. पण मी उठायच्या आत मुलगा उठला आणि वडिलांवर आपली सावली पडेल असा मधे जाऊन बसला. कोणाला काही बोलला नाही. त्याच्या आईलासुद्धा कळलं नाही. मला काळोखातून सगळं दिसत होतं.

काकांना माफीचं पत्र लिहू देऊ नकोस. त्यांना म्हणावं एवढंच लिहा, की मुलगा पसंत आहे.