सौर लिफ्टचा पहिला गुरुवार

३ मार्च, सकाळी ७
सोसायटीचा चेअरमन झालो. बिनविरोध. (दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. दबदबा!) संकल्प: वारज्यातली ही इमारत विजेत स्वावलंबी करणार. चंद्रपूरकडच्यांनी कोळशाची धूळ खायची आणि आम्ही पहिल्या मजल्यासाठी लिफ्टचं बटण दाबायचं? शालनला हे ऐकवलं. ती म्हणाली, अहो, आधी गीझर बंद करा, अर्धा तास चालू आहे. गीझरचा विषय वेगळा.

१९ मार्च
गच्चीवर सोलर पॅनल बसले. कुरडया वाळत घालायला जागा नाही म्हणून बायका नाराज. दुसऱ्या मजल्यावरची अक्षता, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, 'ग्रिड', 'बॅटरी' असं काहीतरी सांगत होती. म्हटलं, बारावीला फिजिक्समध्ये मला डिस्टिंक्शन होतं. जिना उतरून निघून गेली. पटलं असावं.

४ एप्रिल
डिझेल जनरेटर भंगारात. धूर, आवाज, सगळं एका टेम्पोत गेलं. खालचा समाधान म्हणाला, महिनाभर थांबू. तळमजल्यावरच्या माणसानं लिफ्टवर बोलू नये.
चौथ्या मजल्यावरच्या मथुराबाई काळजीत. गुडघे गेलेत, पण दर गुरुवारी दत्ताला जातात. आणि गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीज बंद. आजवर जनरेटरवर उतरायच्या. शब्द दिला: आता साक्षात सूर्यनारायण खाली नेईल.

८ एप्रिल
उद्या वीज अकराला जाणार. एक मिनिट आधी मी आणि मथुराबाई चौथ्या मजल्यावरून लिफ्टमध्ये. वाटेत वीज जाईल, लिफ्ट चालूच. खाली टाळ्या. भाषण तयार, चौदा मिनिटांचं. शालनच्या मते तेरा जास्त.

९ एप्रिल, ११.२०
(लिफ्टमध्ये. भाषणाच्या कोऱ्या बाजूवर, मोबाइलच्या उजेडात.)
वीज वेळेवर गेली. लिफ्टही. तिसऱ्याच्या जरा खाली अडकलो. अक्षता बाहेरून ओरडून सांगते आहे की बाहेरची वीज गेली की असले पॅनल आपोआप बंद होतात, तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. हेच म्हणे तेव्हा सांगत होती. मग नीट सांगायचं!
मथुराबाई खाली बसल्या. म्हणाल्या, बाबा, वर एवढं ऊन हाय, मग हितं अंधार का? म्हटलं, ढग आले असतील. वेळ जावा म्हणून भाषण वाचू का विचारलं. त्या देवाचं नाव घेऊ लागल्या.

१२ एप्रिल
त्या दिवशी लिफ्ट हातानं वर घेऊन काढलं आम्हाला. मथुराबाईंचा दत्त चुकला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. फार वाईट वाटलं. कुणाला सांगितलं नाही.
तातडीची मीटिंग. समाधान चेअरमन. बिनविरोध. दुसरा जनरेटर येईपर्यंत दर गुरुवारी प्रसाद मथुराबाईंना वर पोचवायचा, हा ठरावही एकमताने. पोचवणार मी.

१६ एप्रिल, गुरुवार
जिन्याने गेलो. धूर नाही, ग्रिड नाही, बॅटरी नाही. शंभर टक्के स्वच्छ ऊर्जा. दुसऱ्या मजल्यावर जरा बसलो, तिसऱ्यावर बराच वेळ. मथुराबाईंनी प्रसाद कपाळाला लावला आणि विचारलं, एवढा उशीर का, ढग आलं व्हतं का?