मंगळवारच्या पाहणीची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी (निवासी मिळकती),
गृहनोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सदनिका क्र. ११ रिकामी असल्याची नोंद होणेबाबत (अर्ज सातवा).
संदर्भ : १) माझे आधीचे सहा अर्ज. २) आपले पत्र दि. ९ जून, "पाहणी कोणत्याही कामाच्या दिवशी दहा ते पाच या वेळेत होईल."

महोदय,

आधीच्या सहा अर्जांत मी "सविनय" हा शब्द सुरुवातीलाच वापरला होता. या वेळी तो मधे कुठेतरी येईल, कृपया सांभाळून घ्यावे.

१. मी वाहतूक खात्यातून वेळापत्रक लिपिक म्हणून निवृत्त झालो. हाती आलेल्या रकमेतून सदर सदनिका भाड्याने देण्यासाठी घेतली. घेण्यापूर्वी कोणता मजला, कोणती दिशा, भाडेकरू कुटुंबवाला की एकटा, वरच्या घरातून पाणी झिरपते का, असे सगळे प्रश्न मी वहीत लिहून विचारले होते. माझ्या पत्नीने एकच विचारला, की दोन घरांचे केर काढणार कोण. त्या वेळी मी हसलो होतो.

२. घर भाड्याने देण्यास आपला परवाना लागतो. परवान्यासाठी नळजोडणी लागते. आणि नळजोडणीसाठी घर "वापरात" असल्याची नोंद लागते. भाडेकरूशिवाय घर वापरात कसे येणार, असे मी आपल्या चार नंबरच्या टेबलावर विचारले. तेथील बाईंनी मान वर न करता सांगितले, की कोणीतरी राहताना दिसले म्हणजे झाले. माझे मेहुणे स्वतः एकही घर न घेता सगळ्या नातेवाइकांना घरांबाबत सल्ला देतात. त्यांनीही आठ दिवस तिथे मुक्काम ठोका असे सुचवले.

३. येथे माझी चूक झाली, ती मी मान्य करतो. कोणतेही काम अर्धवट करण्याची मला सवय नाही. मी दारावर नावाची पाटी लावली, दोरीवर शर्ट वाळत घातले, वर्तमानपत्र सुरू केले, शेगडी आणली. सहाव्या दिवशी आपले निरीक्षक आले. त्यांनी चहा घेतला, घर नीटनेटके ठेवल्याबद्दल माझे कौतुक केले आणि नोंद केली, "मालक स्वतः कायम वास्तव्यास." नळाला पाणी आले. पण मालक स्वतः राहतो ते घर भाड्याने देता येत नाही, या नियमाने परवाना मात्र नाकारला गेला.

४. म्हणून घर रिकामे असल्याची नोंद मागितली. तिचे काय झाले ते क्रमाने देतो.

पहिल्या पाहणीला मी माझ्या राहत्या घरी होतो. शेरा : "कुलूप. पाहणी होऊ शकली नाही."

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम जाऊन दार उघडले. शेरा : "मालक घरात आढळले, सबब घर रिकामे नाही."

तिसऱ्या वेळी मी जिन्यात खाली उभा राहिलो आणि दार मेहुण्यांनी उघडले. शेरा : "मालकाचे नातेवाईक वास्तव्यास आढळले."

घर रिकामे आहे या जबाबावर घरात हजर असलेल्या व्यक्तीची सही लागते, असे आपले परिपत्रक सांगते. ते मी अकरा वेळा वाचले. ते लिहिणाऱ्या गृहस्थांना एकदा भेटण्याची माझी फार इच्छा आहे.

५. यापुढे एकदा जरी कुलूप आढळले तर प्रकरण बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, असे आपण ९ जूनच्या पत्रात कळवलेत. तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या दिवशी दोन बस बदलून, दीड तास प्रवास करून दहाच्या आत सदनिकेत हजर राहतो आणि पाचपर्यंत दार उघडे ठेवून बसतो. चार महिने झाले. निरीक्षक आलेले नाहीत. मधल्या काळात एक परिचारिका आपल्या आईसाठी हे घर भाड्याने मागत होती, कारण दवाखाना जवळ आहे. तिने दोन महिने वाट पाहिली. जाताना म्हणाली, "काका, तुमच्या परवान्याआधी माझी बदली होईल." तशी ती झालीही.

६. आता मंगळवार, दि. १४ बाबत.

सकाळी सव्वादहाच्या सुमारास माझी पत्नी न्हाणीघरात घसरून पडली. घरात दुसरे कोणी नव्हते. मी रोज एक वाजता, जेवलीस का, एवढे विचारायला फोन करतो. तसा त्या दिवशीही केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. सदनिकेवरून आमचे आदल्या दिवशी वाजले होते, त्यामुळे ती फुरंगटून बसली असेल असे मी धरून चाललो. खरे सांगायचे तर मलाही राग आला होता. मनात एकदा आले, की जाऊन यावे. पण पाचपर्यंत निरीक्षक येण्याची शक्यता होती. मी खुर्चीवरून उठलो नाही. निघालो असतो तर अडीचला पोचलो असतो.

शेजारच्या शिंपीणबाई पाचला दहा मिनिटे कमी असताना दुकानातून परतल्या, तेव्हा त्यांना आमच्या घरातून हाक ऐकू आली. त्यांनी दार फोडून घेतले. खुब्याचे हाड मोडले आहे. साडेसहा तास ती ओल्या फरशीवर होती, साहेब.

दवाखान्यात तिने मला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "आला होता का तो?"

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "बरं झालं. सुटलात एकदाचे." आणि डोळे मिटले.

७. सबब, परवान्याची मागणी मी मागे घेत आहे. सदनिकेच्या दोन्ही किल्ल्या सोबत जोडल्या आहेत. मी उद्यापासून तेथे बसणार नाही. आपल्याला योग्य वाटेल तो शेरा मारावा, कुलूप म्हणा, वास्तव्यास म्हणा, माझी कशालाही हरकत नाही.

सविनय विनंती एकच आहे. मंगळवार, दि. १४ रोजी निरीक्षकांनी सदनिकेची पाहणी केली, अशी नोंद आपल्या वहीत करावी आणि तिची एक प्रत मला द्यावी. न सुटलेली गाडी सुटली असे मी तेहतीस वर्षांत एकदाही लिहिले नाही, त्यामुळे काय मागतो आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. पण तिला चष्मा लावून कागद वाचण्याची सवय आहे, आणि शुद्धीवर नीट आली की ती तो मागेल.

आपला,
सात अर्जांचा अर्जदार
(निवृत्त वेळापत्रक लिपिक)
मुक्काम : दवाखाना, अस्थिरोग विभाग, खाट क्र. ६ शेजारील बाक
दि. १७ ऑक्टोबर, शुक्रवार

सोबत :
१. सदनिकेच्या किल्ल्या, नग दोन.
२. आधीच्या सहा अर्जांच्या पोचपावत्या.
३. दवाखान्याचे प्रवेशपत्र. (पाहून परत द्यावे.)